चितळांसाठी काय पेरावं?

कार्तिक उजाडला की गोंदिया जिल्ह्यात धानाच्या लोंब्या पिवळ्या पडून वाकतात. बांधीतलं पाणी फोडून दिलेलं असतं, तरी तळाला पाऊल रुतेल एवढी ओल उरते. कापणीला पंधरा-वीस दिवस आहेत असं बघून शेतकरी त्या उभ्या धानात शिरतो आणि टोपल्यातलं लाखोरीचं बी मुठीमुठीनं फेकत जातो. नांगर नाही, वखर नाही, खताची पिशवी नाही. बी चिखलावर पडतं, धानाच्या सावलीत फुगतं, आणि विळे चालू होतात तेव्हा बोट-दोन बोटं वर आलेलं असतं. कापणाऱ्यांच्या पायांखाली थोडंफार तुडवलं जातं, पण लाखोरी त्याचं काही मनावर घेत नाही. पूर्व विदर्भात या पेरणीला उतेरा म्हणतात. शेजारच्या बालाघाटात आणि छत्तीसगडातही हीच रीत आहे.

लाखोरी तशी बदनाम. दुष्काळात महिनोन्‌महिने तिच्याच डाळीवर जगणाऱ्यांचे पाय लुळे पडतात, म्हणून १९६१ मध्ये तिच्या विक्रीवर बंदी आली. महाराष्ट्रानं ती २००८ मध्ये उठवली. मधल्या काळात ‘रतन’, ‘प्रतीक’ अशा कमी विषाच्या जाती आल्या. पण बंदी असतानाही उतेरा थांबला नव्हता. फुकटच्या ओलीवर येणारं पीक कुठला शेतकरी सोडेल? डाळ घरात, कुटार गुरांना, कोवळ्या पाल्याची भाजी जेवणात.

आणि तोच पाला चितळांनाही. त्यांना कोणी विचारलेलं नाही, हा भाग वेगळा.

फुलचूर हे गोंदिया शहराला चिकटलेलं गाव. इथं नाक्यावर ट्रक, भाताच्या गिरण्या आणि नवी घरं यांची इतकी दाटी आहे की हरणाचा विषय काढला तर लोक हसतील. पण याच नाक्यावरून गोरेगाव-कोहमाऱ्याकडे जाणारा रस्ता धरला तर तासाभराच्या आत मुरदोलीचं जंगल लागतं. ते एका बाजूनं नागझिऱ्याशी आणि दुसऱ्या बाजूनं नवेगावशी जोडलेलं आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये रात्री याच रस्त्यावर एका मोटारीची धडक बसून वाघ मेला; लंगडत झाडीत शिरणाऱ्या त्या वाघाची चित्रफीत तेव्हा घरोघरच्या फोनवर पोचली होती. वाघ रस्त्यापर्यंत येतो याचा अर्थ त्याचं खाणं रस्त्याच्या दोन्ही अंगांना आहे. पौषात जंगलातलं गवत तारेसारखं वाळतं, तेव्हा त्या खाण्याला बांधीतली हिरवी लाखोरी दुरून दिसते.

सकाळी शेतकरी धुऱ्यावरून चालत जातो तो खाली बघत. शेंडा तिरका, सुरीनं कापल्यासारखा तुटला असेल तर तो ससा. जमीन उकरून ढेकळं उलथली असतील तर रानडुक्कर, त्यात शंकेला जागा नाही. शेंडा फाटल्यासारखा, दोरे लोंबणारा, ओढून तोडल्यासारखा दिसला की चितळ. हरणवर्गाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. खालचे दात आणि वरची टणक हिरडी यांच्यात पाला धरून ते मान झटकतं, म्हणून तो चावा असा फाटका. नुकसानभरपाईच्या पंचनाम्याला वनरक्षक, तलाठी आणि कृषी सहायक येतात; त्यांच्यापुढे कोणी खाल्लं हे सांगायला हा फाटका शेंडाच पहिला पुरावा.

इथून अर्ध्या जगावर याच शेंड्यासाठी लोक पैसे मोजतात. अमेरिकेत पांढऱ्या शेपटीचं हरीण मिशिगनपासून टेक्सासपर्यंत सगळीकडे आहे, त्याच्या शिकारीचा हंगाम ठरलेला आहे, आणि त्या हंगामाच्या तोंडावर हरणं आपल्या जमिनीत यावीत म्हणून शिकारी खास चाऱ्याचे तुकडे पेरतात. ऑगस्टअखेर, सप्टेंबरात पेरणी. नोव्हेंबरात नर माजावर येतात तोवर तुकडा हिरवागार. याचा रीतसर धंदा झाला तो १९८८ मध्ये, अलाबामात रे स्कॉट या गृहस्थांनी हरणांसाठी निवडलेल्या क्लोव्हरचं बी पिशवीत भरून विकायला काढलं तेव्हापासून. त्याआधी हे स्कॉट मासेमारीच्या स्पर्धा भरवण्यासाठी प्रसिद्ध होते. गळ आणि बी यांत त्यांना फारसा फरक वाटला नसावा.

बियांची निवड मात्र मन लावून केलेली असते, त्याला नावं ठेवता येणार नाहीत. ओट लवकर उगवतो, हरणांना सगळ्यांत आधी आवडतो, पण कडक थंडीत मरतो. म्हणून त्याच्या जोडीला हिवाळी गहू आणि राय हे तृणधान्य; राय तर हलक्या, आंबट जमिनीतही तग धरतं आणि बर्फाखालूनही हिरवं निघतं. त्यात लाल फुलांचं क्लोव्हर आणि हिवाळी वाटाणा, प्रथिनांसाठी आणि जमिनीत नत्र बसावं म्हणून. शिवाय सलगम, मुळा अशी मोहरीच्या कुळातली पिकं. त्यांची पानं सुरुवातीला हरणं हुंगून सोडतात. दहिवर पडून गारठली की पानांतली साखर वाढते आणि मग तीच पानं दांड्यासकट फस्त होतात. प्रमाणही ज्याचं त्याला माहीत: मोहरीवर्गाचं बारीक बी एकराला दोन-तीन किलो खूप झालं, एकटा ओट पेरायचा तर चाळीस-पन्नास किलो लागतो. तुकड्यात मध्येच तारेच्या जाळीचा हातभर रुंद पिंजरा उभा करतात. पिंजऱ्यातलं पीक गुडघ्याला लागतं आणि बाहेरचं घोट्याला, तर हरणं येऊन गेली आणि किती खाऊन गेली हे मोजून कळतं.

तृणधान्य आणि कडधान्य एकत्र, एक लवकर येणारं, एक उशिरा टिकणारं, आणि रान सुकलेलं असताना हिरवं राहणारं. गोंदियाच्या शेतकऱ्यानं नेमकं हेच पेरलेलं आहे. बांधीत धान, त्याखाली लाखोरी, धुऱ्यावर तूर, घराजवळच्या तुकड्यात हरभरा. अलाबामाच्या पिशवीत जे तर्कशास्त्र विकत मिळतं, ते इथं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं आहे. फक्त पाहुणा नको असलेला आहे. त्याच्यासाठी बंदूक नाही, कारण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा प्रश्नच संपला. उरतं काय, तर मचाण, जागल, डबा बडवणं, धुऱ्यांवर बांधलेल्या जुन्या रंगीत साड्या आणि अलीकडे सौरकुंपणाचा झटका. या सौरकुंपणाला जंगलालगतच्या गावांत सरकारी योजनेतून अनुदान मिळतं. काही जण विजेच्या वाहिनीवरून उघडी तार सोडतात, आणि तिच्यात चितळाबरोबर बिबट्या, वाघ, कधी शेजारचा माणूसही सापडतो. या तारेची कड घेऊन बोलता येत नाही. पण ती टाकणाऱ्याच्या तुरीचा धुरा एका रात्रीत कसा बोडका होतो, हे पाहिलेलं असावं.

मग चितळांनी जंगलातच का राहू नये? हा प्रश्न गावकरी विचारतात तेव्हा तो चिडून विचारलेला असतो, पण वनखात्यानं तो गंभीरपणे घेतला आहे. जंगलातच त्यांच्यासाठी पेरायचं.

नागझिरा मराठी वाचकाला व्यंकटेश माडगूळकरांच्या पुस्तकामुळे ठाऊक आहे, नवेगावबांध मारुती चितमपल्लींमुळे. नागझिरा अभयारण्य १९७० चं, नवेगाव राष्ट्रीय उद्यान १९७५ चं. न्यू नागझिरा, नवेगाव आणि कोका ही अभयारण्यं त्यांना जोडून डिसेंबर २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला. गाभ्याचं क्षेत्र सुमारे ६५६ चौरस किलोमीटर, तेही एकसंध नाही. गोंदिया आणि भंडारा या दोन जिल्ह्यांत विखुरलेले तुकडे, मध्ये रस्ते, शेतं आणि मुरदोलीसारख्या अरुंद पट्ट्या. त्याच सुमाराला नवेगावच्या पोटातली कालीमाटी, कवलेवाडा आणि झनकारगोंदी ही गावं उठून सौंदडच्या बाजूला वसवली गेली. मागे राहिल्या त्या त्यांच्या बांध्या.

सोडलेली बांधी आपोआप कुरण होते, असा एक गोड समज आहे. तसं होत नाही. पहिल्याच पावसाळ्यात तिथं तरोटा उठतो, कमरेएवढा, पाठोपाठ रानतुळस आणि कडेनं रायमुनिया. तरोट्याची कोवळी पानं माणसं भाजीला खुडतात, पण जून झालेल्या तरोट्याला चितळ तोंड लावत नाही. रानतुळशीचा वास तर त्याला दुरूनच नको. म्हणजे माणसं गेली, गुरं गेली, आणि हरणांना खायला आधीपेक्षा कमी उरलं. आधी निदान धानाचे खुंट होते.

म्हणून पहिलं काम उपटण्याचं, आणि त्याची वेळ फार आखूड. तरोटा फुलावर आला की भादव्याच्या आत मुळासकट निघाला पाहिजे. शेंगा धरल्या तर पुढच्या काही वर्षांचं बी जमिनीत पडलं. दोन-तीन पावसाळे सलग उपटलं तरच गवताला जागा होते. या कामाचा मराठी मुलखातला जुना धडा मेळघाटातला. तिथली कोहा, कुंड आणि बोरी ही गावं या शतकाच्या सुरुवातीला उठली आणि त्यांच्या शेतांची कुरणं करण्याचे प्रयत्न झाले. चिखलदऱ्याच्या महाविद्यालयातले गवताचे अभ्यासक डॉ. गजानन मुरतकर यांच्यासारख्यांनी वनरक्षकांना गवतं ओळखायला शिकवलं. वाघाचा पंजा ओळखणारा वनरक्षक जागोजाग सापडे. मारवेल आणि तिखाडी यांतला फरक सांगणारा विरळा. वाघाचं पोट या फरकावर चालतं, हे खात्याच्या उशिरा लक्षात आलं.

मारवेल, पवन्या, मोशी, हरळी ही चितळाच्या आवडीची नावं. कुसळी कोवळी असेतो चालते, कुसळं धरली की तोंडाला टोचते. तिखाडीच्या पानांत सुगंधी तेल असतं. अत्तरवाल्यांना ती प्यारी, चरणाऱ्याला नाही. जिथं चितळं फार आणि कुरण लहान, तिथं आवडीची गवतं मुळापर्यंत कुरतडली जातात आणि नावडती फुलून बी टाकतात. चार वर्षांत कुरण हिरवंच दिसतं, पण सगळं तिखाडीचं. वरून पाहणाऱ्या साहेबाला ते छान वाटतं. म्हणून इथंही तो पिंजरा लागतो, अमेरिकेतल्यासारखाच: कुंपण घातलेला छोटा चौकोन, आतलं गवत बाहेरच्याशी ताडून पाहायला.

गवताचं बी पेरणं हा धान पेरण्याचा खेळ नव्हे. कुसळीचं एक बी हातावर घेऊन पाहावं. टोकाशी सुईसारखी अणी, तिच्यावर मागे वळलेले केस, आणि शेपटीला वीतभर नसलं तरी बऱ्यापैकी लांब, काळपट, पीळ दिलेलं कुसळ. तळहातावर थुंकीचा ओलावा लागला की पीळ सुटू लागतो आणि बी आपोआप फिरतं. रात्री दव पडलं की उलटं, दुपारी वाळलं की सुलटं, असं फिरत फिरत ते जमिनीत स्वतःला खुपसून घेतं. मागे वळलेले केस त्याला परत निघू देत नाहीत. त्याला पेरणारा लागतच नाही. मारवेलचं बी याच्या उलट: कापसासारखं हलकं, एकमेकांत गुंतणारं, फेकलं तर वारा नेतो. त्यातले कितीतरी दाणे नुसता भुसाच, आत पीठ नाही. म्हणून ते बारीक माती किंवा वाळलेल्या शेणात मळून, गोळ्या करून टाकायचं, आणि वर मातीचा थर नखभरापेक्षा जाड नको. पुरलं तर गेलं. नाहीतर सरळ पावसाळ्यात ठोंब लावायचे, रोवणीसारखे ओळीनं. ज्यांनी जन्मभर पऱ्हे उपटून रोवणी केली त्या बायकांच्या हाताला हे काम शिकवावं लागत नाही.

आणखी एक खोड आहे. ताजं बी रुजत नाही. बऱ्याच गवतांचं बी झडल्यावर काही महिने झोपून राहतं. शरदात झडलेलं बी थंडी-उन्हाळा कोरड्यात काढून पुढच्या मृगातच जागं होतं. अवेळी पावसानं फसू नये म्हणून निसर्गानं केलेली ही तजवीज. अमेरिकेतला शिकारी सप्टेंबरात पेरून नोव्हेंबरात फळ मागतो; इथं कार्तिकात गोळा केलेलं बी जूनपर्यंत पोत्यात ठेवायचं आणि त्याचं कुरण झालं की नाही हे दोन वर्षांनी बघायचं. शरदात पेरणारा आणि शरदात वेचणारा, दोघांच्या घाईत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

कुठल्या हरणासाठी, हेही आधी ठरवावं लागतं. गोंदियात उतरून कान्ह्याला जाणारे प्रवासी पुष्कळ; त्यांना बारासिंगा पाहायचा असतो. हा प्राणी जवळजवळ पूर्णपणे गवतावर जगतो आणि पाडस लपवायला त्याला उंच गवत लागतं. १९७० च्या मोजणीत कान्ह्यात तो अवघा ६६ उरला होता. मंडल्याचे जिल्हाधिकारी असताना एम. के. रणजितसिंह यांनी गावं हलवायला सुरुवात केली, सोंफसारख्या गावाच्या जागी कुरण आलं, कुंपण घालून गवत उंच वाढू दिलं, आणि आता ती संख्या कैक शेकड्यांत आहे. तोच नुसखा जसाच्या तसा चितळाला लावला तर फसतो. चितळाला उंच गवतात धास्ती वाटते. त्याला आखूड, चरून चरून गादीसारखं झालेलं गवत आवडतं, जिथून चारी बाजूंना दिसतं. सांबर तर गवतापेक्षा झाडपाल्याचं. त्याच्यासाठी कुरण पेरून फार उपयोग नाही.

आणि चितळ काही बारा महिने गवतावर नसतं. माघ-फाल्गुनानंतर ते वर बघू लागतं. कान्ह्यातल्या अभ्यासकांनी नोंदवून ठेवलं आहे की वानरांची टोळी झाडावर चरत असली की खाली चितळं जमतात. वानर अर्धवट खाऊन टाकतं तो पाला, कळ्या, फळं खाली वेचली जातात. वानर फार उधळं, दहा पानं तोडून चार खाणारं, आणि चितळाची चैन त्या उधळेपणावर चालते. मग मोहफुलं. चैत्रात पहाटे मोहाखाली सडा पडतो, तिथं टोपल्या घेऊन माणसं आणि त्यांच्या आधी चितळं, अस्वलं. फुलं नीट दिसावीत म्हणून वेचणारे झाडाखालचा पाला पेटवतात. ती आग कधी रान पेटवते, आणि जळलेल्या जमिनीवर पहिल्या ओलीनं फुटलेल्या हिरव्या कोंबांवर पुन्हा चितळंच येतात. कुरण पेरणाऱ्यानं मोहाची, आवळ्याची, बेहड्याची झाडं कुरणाच्या काठाला राखली नाहीत तर उन्हाळ्यात त्याचं कुरण रिकामं. बियांच्या मिश्रणात झाडं धरायची असतात, हे अमेरिकेतल्या ओकच्या फळांवर टपलेल्या शिकाऱ्यालाही माहीत आहे; ती फळं गळायला लागली की त्याच्या पिशवीतल्या महागड्या क्लोव्हरकडे हरणं ढुंकून पाहत नाहीत.

मे २०२३ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या ब्रह्मपुरी भागातून दोन वाघिणी आणून नागझिऱ्यात सोडल्या, पुढच्या वर्षी आणखी एक. तिकडे वाघांची गर्दी, इकडे जागा. एका वाघाला वर्षाला चितळाएवढे साधारण पन्नास प्राणी लागतात, आणि ते दरसाल मिळत राहायचे तर मागे त्याच्या दहापट कळप हवा. म्हणजे एक वाघीण सोडली की पाचशे चितळांचा चारा मागितल्यासारखं झालं. छायाचित्रात वाघीण येते, पिंजऱ्याचं दार उचलणारे येतात. तरोटा उपटणारी बाई येत नाही.

तिची अडचण तिथंच संपत नाही. मारवेल, पवन्या, कुसळी यांचं बी पिकतं ते आश्विन-कार्तिकात, म्हणजे नेमकं धानाच्या कापणीत. हलका धान दिवाळीच्या आगेमागे निघतो, भारी धान त्यानंतर. पुंजणे रचून होईपर्यंत गावात कोणाला उसंत नसते. गवताचं बी हातानं ओरबाडून वेचावं लागतं आणि ते चार-आठ दिवसांत झडून जातं. त्यामुळे कुरणाचं बी वेचायला मजूर हवे असतात तेव्हा ते सगळे बांधीत वाकलेले असतात. खात्यानं रोजी वाढवली तर शेतकरी कुरकुरतो की जंगलवाले आमची माणसं पळवतात. नाही वाढवली तर बी जमिनीवर. बाहेरून पोत्यांनी आणलेलं बी पेरता येतं, झाशीला १९६२ पासून गवत आणि चाऱ्यावर संशोधन करणारी संस्था आहे, सुधारित जाती आहेत. पण त्या गोठ्यातल्या गाईसाठी निवडलेल्या. नवेगावच्या बांधीत, नवेगावच्या पावसात जे गवत आपलं आपण टिकतं त्याचं बी नवेगावातच वेचावं लागतं, आणि त्यासाठी एखाद्या कुटुंबानं आपला धान दोन दिवस उशिरा कापायला तयार व्हावं लागतं.